आटपाट नगराचे चित्ररूप

इ. स. १९१४ मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि पुढे द. ब. पारसनीस यांच्या सहकार्याने मराठ्यांचा इतिहास लिहिणारे सी. ए. किंकेड यांनी त्यात श्रावणातील व इतर व्रतांच्या मराठी कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची होती. पुस्तकाच्या उपशीर्षकात या कहाण्यांना ‘दक्षिणेतील परीकथा’ म्हटले आहे. कहाणीची परीकथा होताना भाषेने काय गमावले आणि चित्राने काय भरून काढले, हा प्रश्न या पुस्तकापुरता तपासून पाहण्याजोगा आहे.

कहाणी ही मूलतः बालरंजनाची कथा नव्हे. ती व्रताचे अंग होय. हातात अक्षता घेऊन तिचे श्रवण करणे हेच फलदायी मानले जाते. तिच्या प्रारंभीचा ‘आटपाट नगर’ हा प्रयोग स्थळाचा निर्देश करीत नाही. कथेत प्रवेश झाल्याचे तो सुचवितो. म्हणूनच ते नगर सणसवाडीच्या श्रोत्रीला जितके आपले, तितकेच कोल्हापूरच्या श्रोत्रीलाही आपले वाटू शकते.

किंकेड यांच्या भाषांतरात ‘आटपाट’ हे विशेषनाम झाले. त्या नावाचे एक गाव होते, असा कथारंभ त्यांनी केला. आदितवारच्या कहाणीतील नागकन्या व देवकन्या यांच्या जागी ‘निम्फ’ आणि ‘वुड-फेअरी’ अवतरल्या. ‘वसा’ या शब्दात नेम, वारसा आणि बंधन हे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. इंग्रजीत त्याचा केवळ धर्मविधी उरला. अर्थ पोहोचला, परंतु शब्दांमागील घर मागे राहिले.

धुरंधरांपुढील अडचण निराळी होती. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत म्हातारीचे लुगडे कसे, भांडे कशाचे, हे सांगण्याचे कारण पडत नाही. ऐकणारीला ते ठाऊकच असते. अशी कथा रंगवावयाची झाली, तर चित्रकाराला मात्र या प्रत्येक गोष्टीचा निर्णय करावा लागतो. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि १८९० पासून जे. जे. कलाशाळेशी निगडित असलेल्या धुरंधरांचा वेशभूषेचा अभ्यास सूक्ष्म होता. ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथासाठी त्यांनी पुढे केलेली चित्रे याची साक्ष देतात. इंग्रजी शब्दांनी परकी केलेली पात्रे त्यांच्या जलरंगांत पुन्हा एतद्देशीय होतात.

या लाभालाही मर्यादा आहे. चित्राने घर परत दिले, पण ते एकच घर दिले. शब्दाने मोकळे ठेवलेले नगर रेषेने बांधले गेले. भाषांतराने त्या नगराला नाव दिले व चित्राने रूप दिले. मौखिक परंपरेने मात्र ते हेतुतः अनाम ठेवले होते. मुद्रित कहाणीच्या अभ्यासकाने मजकुराबरोबर चित्रही पाठभेद म्हणून वाचले पाहिजे, ते याच कारणाने.