‘यापूर्वी इतर नावे वापरली आहेत काय?’

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अमेरिकेशी सोयरीक नसलेली गृहनिर्माण सोसायटी शोधावी लागेल. लग्न होते, जावई पंधरा दिवसांच्या रजेवरून परत जातो आणि मुलगी माहेरीच राहून अर्ज भरू लागते. आधी नवऱ्याने तिकडून आय-१३० हा विनंती-अर्ज करायचा. तो मंजूर झाला की पत्नीने डीएस-२६० भरायचा. २०१३ च्या सप्टेंबरपासून हा दुसरा अर्ज संगणकावर आला, त्याआधी डीएस-२३० हा कागदी नमुना होता. एका माजी विद्यार्थिनीने मला मदतीला बसवले ते मी भाषा शिकवतो म्हणून. अडचण इंग्रजीची असेल असा तिचा समज होता, आणि खरे सांगायचे तर माझाही. दोन संध्याकाळी घालवल्यावर ध्यानात आले की वाक्ये सोपीच आहेत. अडते ते प्रश्न कुणाला उद्देशून विचारला आहे हे कळत नाही म्हणून. या अर्जाकडे एक जुना, अनेक हातांनी लिहिला गेलेला ग्रंथ म्हणून पाहिले तरच त्याचा काही उलगडा होतो. पोथीत जसे वेगवेगळ्या काळचे प्रक्षेप ओळखता येतात, तसे ते इथेही ओळखता येतात.

सुरुवात नावापासून. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई. अजूनही काही घरांत लिहिले जाते. मग वडिलांचे नाव जाऊन मधल्या जागी नवऱ्याचे येते, आडनाव बदलते, कधी स्वतःचे पाळण्यातले नावही बदलते. मराठीने या स्थित्यंतरासाठी ‘पूर्वाश्रमीच्या’ असा शब्द योजला आहे. संन्याशाला आणि नवरीला एकच विशेषण लागू व्हावे, यावर एखादा स्वतंत्र निबंध होईल. असो. अर्जात प्रश्न आहे: तुम्ही यापूर्वी इतर नावे वापरली आहेत काय? दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दुसरे, पारपत्रात तिसरे, आणि देवापुढच्या तांदळात चौथे. त्यांपैकी ‘वापरलेले’ कोणते? तांदळातले नाव एकाही कागदावर चढले नसेल, पण सासूबाई चार वर्षे त्याच नावाने हाक मारीत असतील तर ते वापरलेलेच म्हणावे लागेल. इकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुलांच्या नावानंतर आईचे नाव बंधनकारक केले; १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना ते लागू आहे. विवाहितेच्या बाबतीत मात्र तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव हीच रीत कायम ठेवली.

या प्रश्नापुढे कल्याणची एक मुलगी उभी करून पाहावी. यमुना जोशी, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, पोस्टात नोकरी करणाऱ्या बिजवर गोपाळराव जोशींशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. आडनाव तेच राहिले, नाव बदलले. अर्जातल्या ‘माहेरचे आडनाव’ या रकान्याला ती चकवून गेली असती. ७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवीधर झाली. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ने ही कथा घरोघरी नेली. तिकडे तिच्या आडनावाच्या रोमन रूपाला शेवटी दोन ‘ई’ लागले. १८८५ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्राखाली, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्या शेजारी, तिच्या नावापुढे गाव दिले आहे ते बंगालमधले श्रीरामपूर, तेही चुकलेल्या स्पेलिंगमध्ये. कल्याण कुठेच नाही.

तिला व्हिसा लागला नाही, कारण व्हिसा नावाची वस्तूच तेव्हा नव्हती. पण अगदीच मोकळे दार होते असेही नाही. ३ ऑगस्ट १८८२ च्या अमेरिकन कायद्याने माणशी पन्नास सेंट कर बसवला आणि गुन्हेगार, वेडे, तसेच सार्वजनिक खर्चावर भार होतील अशा व्यक्तींना उतरू न देण्याचे ठरवले. आनंदीबाई त्यानंतर दहा महिन्यांनी बंदरात उतरल्या. त्यांच्या मागे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई उभ्या होत्या. गोपाळरावांचा मिशनरी वाइल्डर यांच्याशी झालेला पत्रव्यवहार या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहताना एका मासिकात वाचला होता आणि मुलीला आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी कळवली होती. आजच्या भाषेत याला आय-८६४ म्हणतात. १९९६ च्या कायद्यानंतर ते न्यायालयात बजावता येईल असे बंधपत्र झाले आणि सामान्यतः बोलावणाऱ्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. ‘सार्वजनिक भार’ हा १८८२ चा शब्दप्रयोग मात्र जसाच्या तसा टिकून आहे.

आता ज्या प्रश्नापाशी प्रत्येक घरात शांतता पसरते त्याकडे येतो. मुलगी संगणकापुढे, वडील शेजारच्या खुर्चीवर, आणि पडद्यावर: तुम्ही वेश्याव्यवसायासाठी येत आहात काय, किंवा गेल्या दहा वर्षांत केला आहे काय? वडील पाणी प्यायला उठतात. मुलगी ‘नाही’ निवडून पुढे जाते. सर्वांचा समज असा की हा प्रश्न कुठल्यातरी भलत्या बायकांसाठी आहे आणि चुकून आपल्या वाट्याला आला. इतिहास नेमका उलट सांगतो. १८७५ च्या पेज कायद्याने चीन, जपान वा कोणत्याही पौर्वात्य देशातून अशा हेतूने स्त्रिया आणण्यास बंदी घातली. अंमलबजावणी हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीकडे होती. जहाजात चढण्यापूर्वी स्त्रियांची उलटतपासणी होई आणि आपण पत्नी आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असे. परिणामी कॅलिफोर्नियात राबणाऱ्या चिनी पुरुषांच्या धर्मपत्न्याही मोठ्या प्रमाणावर मागेच राहिल्या. म्हणजे नवऱ्याकडे निघालेली आशियाई बायको हीच या कायद्याखाली संशयित होती. डोंबिवलीच्या मुलीला तो प्रश्न चुकून लागलेला नाही. तिच्यासारखीच्याच नावाने तो प्रथम लिहिला गेला, आणि पत्नीपणाचा पुरावा मागण्याची पद्धतही तिथूनच चालत आली, असे माझे मत आहे.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न १८९१ चा. रोख मुख्यतः मॉर्मन पंथाकडे. आपल्याकडे मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना १९४६ मध्येच प्रतिबंध केला होता, त्यामुळे तो सहज सुटतो. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासह, वर्ज्य ठरवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय हे नागरिकत्वासाठी ‘गोरे’ नव्हेत असा निर्णय झाला. १९४६ मध्ये वर्षाला शंभर जणांची फट उघडली, आणि खरे दार १९६५ च्या कायद्याने. आपल्या सोसायट्यांतली अमेरिका या शेवटच्या तारखेनंतरची आहे.

साम्यवादी पक्षाच्या सदस्यत्वाचा प्रश्न १९५० आणि १९५२ च्या कायद्यांतून आला. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला तो अडवीत नाही, कायम राहायला जाणाऱ्याला अडवतो. शीतयुद्धाचा हा अवशेष ठाणे जिल्ह्यात विलक्षण जागी येऊन पडतो. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन टिटवाळ्याला, म्हणजे कल्याणच्या कुशीत भरले. तिथे आलेल्या वारल्यांनी परत जाऊन वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे मराठी साहित्याचा भाग झाला. ज्या पक्षाचे उमेदवार इथे उघडपणे निवडून येतात, त्याचे सदस्य असणे तिथे अपात्रतेचे कारण. सदस्यत्व सोळा वर्षांखालचे असेल, सक्तीचे असेल किंवा दोन वर्षांपूर्वी संपले असेल तर अपवाद आहेत. पण ते अर्जात लिहिलेले नसतात. आजोबांच्या लाल कार्डाची आठवण असलेली नात घाबरते. तिला एवढेच सांगायचे की प्रश्न तिच्याबद्दल आहे, आजोबांबद्दल नाही.

सर्वांत कठीण मला वाटला तो लहानसा प्रश्न: तुम्ही एखाद्या कुळाच्या किंवा जमातीच्या आहात काय? २००१ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेने जादा पुरवणी अर्ज काढले, त्यात हा होता. पुढे तो ऑनलाइन अर्जात स्थिरावला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा अफगाणिस्तान असावा. पण आपल्याकडे ‘ट्राइब’ या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने काही समाजांना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवले. एन्थोव्हेन यांनी १९२० ते १९२२ दरम्यान मुंबई इलाख्यातील जाती-जमातींचे तीन खंड काढले. आणि राज्यघटनेने अनुसूचित जमाती मानल्या. डोंबिवलीची मुलगी गोत्र आणि कुलदैवत आठवून घुटमळते आणि ‘नाही’ लिहिते. मुरबाड किंवा शहापूरची ठाकूर वा महादेव कोळी मुलगी, जिच्या दाखल्यावर तोच इंग्रजी शब्द छापलेला आहे, ती ‘नाही’ कसे लिहील? तिने ‘हो’ लिहावे, आणि निर्धास्त लिहावे.

धास्ती का, तर महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले तर कायमची अपात्रता ओढवते. तीतून सूट मागता येते, पण ती वेगळी लढाई. म्हणून लग्नाच्या तारखेचा घोळही क्षुल्लक नसतो. मंगल कार्यालयातले लग्न वैशाखात, महानगरपालिकेतली नोंद आषाढात. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार पुरोहित आणि तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी दाखला मिळतो, त्यावर दोन्ही तारखा असतात. लिहायची ती लग्नाची. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने असे ठरवले आहे की प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर निवासाचा परवाना सशर्त, दोन वर्षांपुरता. तेव्हा दोन महिन्यांच्या फरकाने संसाराची कायदेशीर जात बदलू शकते.

सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते द्यायचे होते. पुनर्विकासात पाडलेल्या चाळीची खोली क्रमांकासह नोंद तिने आईला विचारून केली. उरला होता एकच रकाना: आपल्या मूळ लिपीत पूर्ण नाव. एवढ्या लांबलचक अर्जात देवनागरीला मिळालेली ती एकच ओळ. तिने माहेरचे नाव लिहिले, थांबली, खोडले, पारपत्रातले लिहिले. मग मला विचारले, ‘सर, आधी सौ. लावायचे का?’ मी नको म्हटले.