अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते? मेडिकलची ट्यूब लावण्याआधी हे वाचा

पांढरं जाणं म्हणजे अंगात उष्णता वाढली, असं धरून गावाकडे बायका धने-जिऱ्याचं पाणी पीत दिवस काढतात. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पातळ, वास नसलेला स्राव जाणं नैसर्गिकच आहे. पण फुटलेल्या दह्यासारखा घट्ट स्राव, जोराची खाज आणि लघवीला आग असेल तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो.

कॅन्डिडा ही बुरशी बऱ्याच जणींच्या योनीमार्गात आधीपासूनच थोडीफार असते. तिथले चांगले जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की हे जंतूही मरतात. फवारणीत मित्रकिडी मेल्यावर पांढरी माशी फोफावते, तसाच हा प्रकार. गरोदरपण, वाढलेली शुगर, स्टेरॉईडच्या गोळ्या यांनीही बुरशी वाढते. दिवसभर ओले, घट्ट नायलॉनचे कपडे अंगावर राहिले तर त्रासात भर पडते. हा रोग बाहेरख्यालीपणाचा नाही. नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्याचं कारण नाही.

खरी गडबड होते ती लाजेपायी. सासू किंवा नवरा मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणतो. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्रास उलटतो. साबण किंवा जंतुनाशक टाकून आतून धुण्यानेही नुकसानच होतं. बाहेरून साधं पाणी पुरे.

उपचार मात्र सोपा आहे. क्लोट्रिमॅझोलची गोळी रात्री योनीमार्गात ठेवायची, साधारण सहा-सात दिवस. नाहीतर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी पोटात. गरोदर बाईने ही पोटातली गोळी घ्यायची नाही. कोणतं औषध हे डॉक्टरच ठरवतील. खाज थांबली तरी कोर्स मध्येच सोडू नये.

वर्षातून तीन-चार वेळा त्रास झाला तर शुगर तपासावीच. मधुमेहाची पहिली खूण कधी कधी हीच असते. स्राव हिरवा-पिवळा, माशासारख्या वासाचा असेल तर आजार वेगळा, औषधही वेगळं. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, यात एक दिवसही थांबू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला अवघड वाटलं तर आधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगता येतं.