वनस्पती व कवकांद्वारे मृदाशुद्धी

जड धातू, किरणोत्सर्गी द्रव्ये, खनिज तेल किंवा कीटकनाशके यांनी दूषित झालेली माती वनस्पती व कवके (बुरशी) यांच्या साहाय्याने जागच्या जागी शुद्ध करण्याच्या पद्धतींना वनस्पती व कवकांद्वारे मृदाशुद्धी असे म्हणतात. यांपैकी वनस्पतींच्या उपयोगास फायटोरेमेडिएशन आणि कवकांच्या उपयोगास मायकोरेमेडिएशन ही नावे रूढ आहेत. दूषित माती खणून अन्यत्र पुरण्यापेक्षा हा मार्ग सहसा स्वस्त पडतो. मात्र त्यास अनेक वर्षे लागू शकतात.

तत्त्व

शिसे, निकेल, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही सजीव त्यांचा नाश करू शकत नाही. ती मुळांवाटे शोषून पानांत साठवता येतात, किंवा मुळांच्या परिसरात जखडून ठेवता येतात. खनिज तेल व डीडीटी ही मात्र कार्बनी द्रव्ये असल्याने त्यांचे विघटन होऊ शकते. म्हणून धातूंसाठी प्रामुख्याने वनस्पतींचा, तर कार्बनी प्रदूषकांसाठी कवकांचा विचार केला जातो.

अतिसंचयक वनस्पती

काही वनस्पती इतरांना घातक ठरेल एवढा धातू आपल्या शरीरात साठवतात. त्यांना अतिसंचयक म्हणतात. निकेलच्या बाबतीत शुष्क पानांत दर किलोग्रॅमला १,००० मिलिग्रॅम ही त्यासाठीची किमान मर्यादा मानली जाते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा या वृक्षाचा चीक निकेलमुळे चक्क निळसर हिरवा दिसतो.

टेरिस व्हिटाटा हा नेचा या गटातील सर्वांत अभ्यासलेल्या वनस्पतींपैकी एक होय. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, लाकूड टिकाऊ करण्याच्या रसायनांनी दूषित झालेल्या जागेवर तो जोमाने वाढत असल्याचे आढळले. लेना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याच्या आर्सेनिक-संचयाची माहिती प्रसिद्ध केली. आर्सेनेट व फॉस्फेट यांची रासायनिक घडण मिळतीजुळती असल्याने फॉस्फेट आत घेणाऱ्या मार्गानेच आर्सेनेट मुळांत शिरते. पुढे त्याचे आर्सेनाइट होऊन ते पानांतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये बंदिस्त होते. भारतातही हा नेचा आढळतो. जुन्या भिंतींच्या फटींतही तो उगवतो, त्यामुळे त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सूर्यफुलाचा अनुभव

चेर्नोबिल येथे १९९०च्या दशकात तळ्यातील पाण्यावर तराफे सोडून सूर्यफुले वाढवण्यात आली. त्यांच्या मुळांनी पाण्यातील सीझियम व स्ट्रॉन्शियम शोषून घेतले. या यशाचा बराच बोलबाला झाला. त्यामुळे २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानमध्ये ठिकठिकाणी सूर्यफुले लावण्यात आली. त्याच वर्षी जपानच्या कृषी मंत्रालयाने घेतलेल्या चाचणीत मात्र मातीतील सीझियमपैकी जेमतेम दोन हजारावा भाग सूर्यफुलांनी शोषल्याचे दिसून आले. याउलट मातीचा वरचा सुमारे ४ सेंटिमीटरचा थर खरवडून काढल्यावर प्रदूषण तीन-चतुर्थांशाने घटले. पाण्यात मोकळे असणारे सीझियम चिकणमातीतील अभ्रकासारख्या खनिजांच्या थरांत घट्ट अडकते व मुळांच्या हाती लागत नाही, हे त्याचे कारण. चेर्नोबिलच्या प्रयोगाचा दाखला देताना तो पाण्यातील होता, ही गोष्ट अनेकदा सांगितली जात नाही.

कवकांचे कार्य

लाकडातील लिग्निन कुजवणारी श्वेत-कुज कवके यासाठी उपयुक्त ठरतात. लिग्निनची रचना अत्यंत गुंतागुंतीची असल्याने ते तोडणारी विकरे एका ठरावीक रेणूपुरती मर्यादित नसतात. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम हे कवक डीडीटी व बेंझोपायरीन यांचेही विघटन करू शकते, असे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. महाराष्ट्रात भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर घेतली जाणारी धिंगरी अळिंबी याच श्वेत-कुज गटातील आहे. मात्र प्रयोगशाळेतील यश शेतात टिकतेच असे नाही. मातीतील मूळचे जीवाणू व कवके बाहेरून आणलेल्या कवकाला अनेकदा तग धरू देत नाहीत.

मर्यादा

मुळे जेवढी खोल जातात तेवढीच माती शुद्ध होते. कापणी केलेला अतिसंचयकांचा पाला स्वतःच विषारी असतो. तो गुरांना घालता येत नाही, त्याचे कंपोस्ट खत करता येत नाही आणि उघड्यावर जाळल्यास त्यातील आर्सेनिक धुरावाटे हवेत मिसळते. त्यामुळे नियंत्रित भट्टीत किंवा घातक कचऱ्यासाठी राखलेल्या जागीच त्याची विल्हेवाट लावावी लागते. निकेलसारखा मौल्यवान धातू असल्यास पाल्याच्या राखेतून तो परत मिळवण्याचे प्रयोगही झाले आहेत.