आधी जोते, मग झुंबर : नाशिककरांच्या घरनिवडीचा इतिहास

घर घेणाऱ्याच्या मनात दोन याद्या असतात. एक 'हवेच' अशा गोष्टींची, दुसरी 'असले तर बरे' अशा गोष्टींची. आयुष्याची पुंजी एकदाच पणाला लागणार असते, म्हणून कोणती गोष्ट कोणत्या यादीत घालावी याचा घोळ महिनोन्महिने चालतो. नाशिकमध्ये या याद्या शतकानुशतके होत आल्या आहेत, आणि जुन्या गावात फिरले तर त्यांतील बऱ्याच आजही दगडालाकडात वाचता येतात.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. 'नाशिक' या नावाची एक व्युत्पत्ती 'नवशिख', म्हणजे नऊ टेकड्यांवर वसलेले गाव, अशी सांगितली जाते. शूर्पणखेच्या नाकाची कथा अधिक प्रसिद्ध आहे. पण घराचा विचार करणाऱ्याला टेकड्यांची कथा अधिक उपयोगी. जुनी गढी, नवी गढी, चित्रघंटा, डिंगर आळी, सोनार आळी : गोदावरीच्या उजव्या तीरावरील ही वस्ती चढउतारांची आहे. नदी रोज हवी होती, स्नानाला, पाण्याला, तीर्थाला; मात्र पावसाळ्यात तीच नदी दारात नको होती. या दोन गरजांची तडजोड म्हणजे उंची.

ही तडजोड किती जुनी आहे याचा पुरावा जुन्या गढीत मिळाला. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक येथे उत्खनन केले. नदीकाठचे हे मातीचे टेकाड म्हणजे एकावर एक साचलेल्या वस्त्यांचे थर निघाले. सर्वांत खालचे थर दोन हजार वर्षांहून जुने. माणसे तेथे पुन्हा पुन्हा घरे बांधत राहिली. त्याच टेकाडाला आज काझीची गढी म्हणतात. मातीचे असल्याने पावसाळ्यात त्याचा नदीकडील भाग ढासळतो, कडेच्या घरांखालची जमीन सरकते, रहिवाशांना स्थलांतराच्या नोटिसा जातात. उंची मिळाली, पण खाली खडक नाही. जागा पारखताना एकच गुण पाहून भागत नाही, हे या गढीइतके स्पष्टपणे शहरातील दुसरे कोणतेही ठिकाण सांगत नाही.

पेशवाईत नाशिकला राजाश्रय लाभला आणि वाडे उभे राहिले. वाड्याचा पैसा प्रथम कोठे खर्च झाला आहे ते पाहावे : जोत्यात. घडीव काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर चढणाऱ्या पायऱ्या, मग ओटा, देवडी, आणि आत चौक. दगड खाली, वीट आणि लाकूड वर, हा क्रम पाणी आणि ओल ओळखून ठरलेला आहे. चौकाने उजेड आणि वारा दिला. आडाने नदी गढूळ असतानाही पाणी दिले. बळदाने वर्षाचे धान्य सांभाळले. कोरीव स्तंभ, नक्षीदार तुळया, भिंतीवरची चित्रे, दिवाणखान्यातली हंड्याझुंबरे हे सारे त्यानंतरचे.

वाड्याचे माप 'खणा'त सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. मुलगा मिळवता झाला, कुटुंब वाढले, की चार खण वाढवावेत, मागे दुसरा चौक काढावा, वर माडी चढवावी, अशी सोय या पद्धतीत होती. म्हणजे वाड्याच्या रचनेतच दोन याद्यांमधली रेघ दिसते : जे मागाहून जोडता येते ते थांबू शकते, जागा, जोते आणि पाणी मागाहून जोडता येत नाही.

शेजाराचीही गणना 'हवेच' मध्ये होई. तांबटाला तांबट आळीतच घर हवे, सोनाराला सोनार आळीत; ठोक्याचा आवाज, गिऱ्हाईक, उधारी आणि सोयरीक सारे तेथेच. मात्र ही निवड सर्वांना खुली नव्हती. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तेथे कोणी कोठे राहावे हे जातीने आधीच ठरवलेले होते. यादी करण्याचा अधिकार हीच तेव्हा मोठी मालमत्ता होती.

नदी मात्र अधूनमधून प्रत्येकाची यादी तपासून जाई. त्यासाठी नाशिककरांनी स्वतःची मापे ठरवली होती. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. नारोशंकराच्या देवळाची घंटा. सराफ बाजारातील सरकारवाड्याच्या पायऱ्या. 'मारुती बुडाला' एवढे ऐकले की खालच्या पेठांतील दुकानदार माल वर चढवू लागत.

१९६५ मध्ये शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण पूर्ण झाले आणि पुराची चिंता सरली असे अनेकांना वाटले असावे. चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, शहराच्या स्मरणातील सर्वांत मोठ्या पुरांपैकी एक आला. धरण केवळ आपल्या वरचे पाणी अडवते, तेही भरेपर्यंत. खालच्या बाजूने नासर्डी, वाघाडी अशा उपनद्या येऊन मिळतात, त्यांच्यावर त्याचा काही ताबा नाही.

याच काळात घराची व्याख्या बदलत होती. नाशिकरोडला छापखाने आले होते, सातपूरला आणि पुढे अंबडला कारखाने उभे राहिले. कामगारांना घरे हवी होती, पैसा थोडा होता. मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवीन नाशिक वसवले. लोक त्या भागालाच 'सिडको' म्हणू लागले. एकामागून एक सहा योजना झाल्या. घरे लहान, काही तर अगदी एका खोलीच्या जवळ जाणारी. पण रस्ता, नळ, गटार, शाळेची आणि बाजाराची जागा आधी आखलेली.

येथे खणांचा जुना हिशेब नव्या रूपात परतला. पगार वाढला तशी मागे खोली निघाली, बाहेरून जिना चढला, वर मजला आला, पुढच्या खोलीत किराण्याचे दुकान थाटले गेले. ही कल्पना त्या काळी जगभर चर्चेत होती. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला सिडकोसाठीच आखलेल्या वसाहतीत तर घरांच्या भिंती मुद्दाम एकमेकांना न जोडता ठेवल्या, कुटुंबाला आपल्या सवडीने घर वाढवता यावे म्हणून. नाशिकला हे वाढणे इतके आखीव राहिले नाही. गल्ल्या अरुंद झाल्या, शेजाऱ्याचा उजेड अडला, वाढीव बांधकामांवरून महापालिकेशी वाद झाले. आणि एक गोष्ट कितीही मजले चढवून मिळत नव्हती : जमिनीची मालकी. घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर होती, हस्तांतराला सिडकोची परवानगी लागे. घर विकताना किंवा वारसांच्या नावे करताना हे अनेकांना नव्याने उमगले. दस्तऐवज हेही जोतेच, फक्त कागदाचे.

सदनिकांच्या काळात याद्या उलट्या झाल्या. छापील जाहिरातपत्रकात दुसरी यादी प्रथम येऊ लागली : उद्यान, तरणतलाव, व्यायामशाळा, शोभेचे प्रवेशद्वार. पहिली यादी बारीक अक्षरांत गेली. महाराष्ट्राने १९६३ च्या मोफा कायद्याने विकासकावर मालकी हक्क, मंजूर नकाशे उघड करण्याचे बंधन घातले होते, तरी 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना, गच्ची, वाहनतळ हे सारे घराच्या मापात मिसळून विकले जात राहिले. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली आणि मे २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे कोणालाही पाहता येऊ लागली.

मधल्या काळात गोदावरी पुन्हा येऊन गेली. १९ सप्टेंबर २००८ रोजी सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीचा काठ पाण्याखाली गेला. त्यानंतर शहराच्या नकाशावर पूररेषा आल्या. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, नव्या बांधकामाला अटकाव; शंभर वर्षांच्या पुराची रेषा लाल. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच घ्यावे लागते. वाड्याच्या गवंड्याने जे डोळ्यांनी आणि आठवणीने ठरवले ते नियमावलीत दीडदोनशे वर्षांनी उतरले.

रेषेच्या आत सापडलेल्या जुन्या घरांचे मालक मात्र अडकले. घर मोडकळीस आलेले, पुनर्बांधणीची परवानगी मिळणे कठीण, आणि गिऱ्हाईक आले तरी किंमत पडलेली. २ ऑगस्ट २०१६ रोजी पुन्हा पूर आला, पुन्हा तीच दुकाने बुडाली. नदीच्या वरच्या अंगाला, गंगापूर रस्त्याच्या बाजूस, 'नदीचे दर्शन' घडवणाऱ्या सदनिकांना त्या दर्शनासाठी चढा भाव आजही मागितला जातो. निळी रेषा कोणत्या भूखंडावरून जाते, ते महापालिकेच्या विकास आराखड्यात पाहता येते.