आमच्या बरणीचे चित्र

स्मारिकेसाठी कुडपणच्या इतिहासावर लिहावे, असे भगिनींनी सुचविले. प्रतापगडावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आपली माजघरातल्या बरणीवर लिहिते.

ही बरणी चिनी मातीची. वर तपकिरी, खाली पांढुरकी, काठाचा टवका उडालेला. आजेसासूबाईंनी ती महाडच्या बाजारात घेतली आणि पोलादपूरपासून चुंबळीवर ठेवून डोंगर चढून आणली. तांब्यापितळेत लोणचे कळकते, साध्या मडक्यातून खार पाझरतो. ही माती मात्र सुमारे १२०० अंश उष्णतेत भाजून एकजीव होते, म्हणून आंबट-खारट तिला बाधत नाही. अशा भांड्यांचे जुने नाव मर्तबान. ते ब्रह्मदेशातील त्या नावाच्या बंदरावरून पडले. मिठात मुरविलेले आले, मिरी, लिंबू व आंबा यांनी भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता करतो. म्हणजे आजेसासूबाईंचे लोणचे बरेच पुरातन म्हणायचे!

२०२१ च्या जुलैत आमच्याच तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. घरे माणसांसकट गाडली गेली. माझी झोपच उडाली. पुढे चित्रकला शिकणारी भाची आली, तेव्हा तिला म्हटले, "बाई गं, ही बरणी रंगवून दे."

तिला वाटले मामी थट्टा करते. पण मग तिनेच सांगितले, की अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ नंतर, सरकारने बेकार चित्रकारांना पगार देऊन जुन्या घरगुती वस्तूंची जलरंगात चित्रे करवून घेतली. त्यांत साध्या बरण्याही आहेत. अशी सुमारे १८ हजार चित्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात जपली आहेत. आपल्याकडे ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नकला करविल्या. पुढे त्यांतल्या पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. माजघरात डोकावायला मात्र कोणी आले नाही.

भाचीने चित्रात टवका लपविला होता. मी तो काढायला लावला. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो माझ्याच हातून उडाला. सासूबाई रागावल्या नाहीत. "दादरा नीट बांध" एवढेच म्हणाल्या. आजेसासूबाईंचा किंवा सासूबाईंचा एकही फोटो घरात नाही.

चित्र मुंबईला मुलाकडे पाठविले आहे. बरणी इथेच आहे. यंदा कैरीचे लोणचे घातले आहे.