छिन्नमनस्कता आणि द्विभाषिकता : प्रतापगड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे गाव महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी व तेथील दर्ग्यासाठी परिचित आहे. या परिसरात मराठीबरोबर गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा कानी पडतात. १९७२ मध्ये येथे नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत स्थापन झाली आणि तिबेटी भाषेची त्यात भर पडली. अशा बहुभाषिक प्रदेशात छिन्नमनस्कतेने (स्किझोफ्रेनिया) ग्रस्त व्यक्तीची तपासणी कोणत्या भाषेत व्हावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारण हा आजार रक्ततपासणीने ओळखता येत नाही. रुग्णाचे बोलणे हाच निदानाचा प्रमुख आधार असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६४ मध्ये नागपूर येथे मनोरुग्णालय सुरू झाले. या प्रांतात हिंदी व मराठी असे दोन्ही भाषक होते. तत्कालीन भंडारा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यातूनच १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. राज्यकारभाराची चौकट अशी वारंवार बदलली. घरातील बोली मात्र त्या वेगाने बदलली नाही. परिणामी अनेकांच्या बाबतीत घरची भाषा एक आणि दवाखान्याची भाषा दुसरी, अशी स्थिती राहिली.

संशोधनातील मतभेद :
१९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा मांडली. त्यानंतर बऱ्याच काळाने रुग्णाच्या द्विभाषिकतेकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. १९७० मध्ये डेल कॅस्टिलो यांनी अमेरिकेतील परदेशी रुग्णांविषयी असे निरीक्षण नोंदविले की, मातृभाषेत बोलताना त्यांची लक्षणे अधिक ठळक दिसतात. १९७३ मध्ये मार्कोस व सहकाऱ्यांना स्पॅनिश भाषक रुग्णांमध्ये नेमके उलट आढळले. इंग्रजीतील मुलाखतीत विकृती अधिक तीव्र भासली. दुसऱ्या भाषेत शब्द शोधताना होणारा विलंब व अडखळणे हे आजाराचेच लक्षण मानले जाण्याची शक्यता त्यातून पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या अभ्यासात आग्रा केंद्राचा समावेश होता. तेथे मुलाखतीची प्रमाणित प्रश्नावली हिंदीत अनुवादित करण्यात आली होती.

दुसरी भाषा शिकण्याची क्षमता :
छिन्नमनस्कतेत अवधान व कार्यकारी स्मृती यांवर परिणाम होतो. त्यामुळे नवी भाषा शिकणे कष्टाचे होते. तथापि ते अशक्य ठरत नाही. लुई वुल्फसन या अमेरिकी लेखकाला मातृभाषा इंग्रजी ऐकणेही असह्य होई. त्याने फ्रेंच, जर्मन, हिब्रू व रशियन भाषांचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये आपला अनुभव फ्रेंच भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आजारी व्यक्तीची भाषिक क्षमता संपुष्टात येते, हा समज त्याच्या उदाहरणाने खोटा ठरतो.

निष्कर्ष :
२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु माहिती देणे आणि रुग्णाचे ऐकून घेणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रतापगडसारख्या परिसरातील रुग्णाची मातृभाषा व दुसऱ्या भाषेवरील त्याचे प्रभुत्व यांची नोंद व्हावी आणि शक्य तेथे दोन्ही भाषांत मुलाखत घेतली जावी. अन्यथा परक्या भाषेतील अडखळणे हेच मनाचे विघटन समजले जाईल, अथवा खरे विघटन त्या भाषेच्या मोजक्या शब्दांआड दडून राहील. दोन्ही प्रकारच्या चुकीची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.