नखांवरील बुरशी : वेळीच उपचार हवेत

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळट होते, जाड होते, कडेने त्याचा भुगा पडू लागतो. परंतु दुखत नसल्याने बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. ‘ओनिकोमायकोसिस’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार सहसा आपोआप बरा होत नाही. ‘ट्रायकोफायटन रुब्रम’ ही बुरशी त्यास प्रामुख्याने कारणीभूत असते. पावसाळ्यात ओल्या बुटांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेथील बुरशी पुढे नखात शिरू शकते.

संसर्ग नखाच्या टोकापुरता असताना अमोरोल्फिनसारखे वरून लावायचे औषध पुरेसे ठरू शकते. तो मुळाशी पोहोचल्यास मात्र टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारणतः १२ आठवडे घ्याव्या लागतात. त्यापूर्वी यकृताची तपासणी आवश्यक ठरते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढत असल्याने संपूर्ण निरोगी नख येण्यास १२ ते १८ महिने लागतात.

मधुमेहींनी विशेष दक्षता घ्यावी. पायाची संवेदना कमी झाल्यास जाड नखाखालची जखम लक्षात येत नाही आणि ती चिघळू शकते.

सोरायसिस किंवा जुन्या इजेमुळेही नख असेच दिसते. त्यामुळे दुकानातून परस्पर औषध न आणता त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाची तपासणी करून घ्यावी. पाय कोरडे ठेवावेत, मोजे रोज बदलावेत आणि नेलकटर स्वतंत्र वापरावे.